नवोदयची वाट : तयारी मुलाची, तशीच पालकांचीही

मृगाच्या सरी पडू लागल्या की दर्यापूरच्या बाजारपेठेत दोन प्रकारची गर्दी होते. एक कपाशी-तुरीच्या बियाण्यांच्या दुकानांपुढे आणि दुसरी वह्या-पुस्तकांच्या दुकानांपुढे. या दुसऱ्या गर्दीत दरवर्षी कोणी ना कोणी मला थांबवतो आणि विचारतो, "गुरुजी, नवोदयचे फॉर्म निघाले काय?" तालुक्यातील प्राथमिक शाळांमध्ये तीस वर्षे शिकवून निवृत्त झालो, तरी हा प्रश्न काही निवृत्त झालेला नाही. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "कोणती शिकवणी लावू?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आता लगेच देत नाही. आधी मी विचारतो, मूल तिसरीत कोणत्या गावच्या शाळेत होते? ते रात्री आईवाचून झोपते का? पालक गोंधळून माझ्याकडे पाहतात. या लेखात मला त्या दोन प्रश्नांचाच खुलासा करायचा आहे.

घर सोडून शिकण्याची जुनी रीत

मुलाला शिक्षणासाठी घरापासून दूर ठेवणे आपल्या समाजाला नवे नाही. दर्यापूरहून मूर्तिजापूरमार्गे कारंजा (लाड) येथे गेले, की १९१८ साली स्थापन झालेला महावीर ब्रह्मचर्याश्रम दिसतो. देवचंदजी शहा, म्हणजेच पुढचे समंतभद्र महाराज, यांनी उभारलेल्या या गुरुकुलाने वऱ्हाडातील कितीतरी जैन घरांतील मुलांना अक्षर आणि आचार दोन्ही दिले. पुढे १९३४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात कुंभोजजवळ बाहुबलीचे गुरुकुल उभे राहिले. त्याच कुंभोजमध्ये एका जैन घरात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहून शिकले, आणि त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापून साऱ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची दारे उघडली. आपल्या अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या श्रद्धानंद छात्रालयानेही हेच काम केले.

शासनाची निवासी शाळाही वऱ्हाडात आली ती अगदी पहिल्या पावलाला. राजीव गांधींच्या कारकिर्दीत नवोदय विद्यालयांची कल्पना पुढे आली, तेव्हा १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून देशात दोनच विद्यालये सुरू झाली. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला. आज देशात अशी साडेसहाशेच्या आसपास विद्यालये आहेत. परंतु आरंभीच्या दोहोंपैकी एक आपल्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे, ही गोष्ट तालुक्यातील पुष्कळांना ठाऊक नसते.

येथे सहावीपासून बारावीपर्यंत शिक्षण, निवास, भोजन, गणवेश आणि पाठ्यपुस्तके यांचा भार शासन उचलते. नववीपासून विद्यालय विकास निधीपोटी थोडी मासिक रक्कम घेतली जाते. मुली, अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी आणि दारिद्र्यरेषेखालील घरांतील मुले यांना तीही माफ असते. ज्या घरात एका वर्षीचा पाऊस पुढच्या वर्षीची फी ठरवतो, त्या घरासाठी याचे मोल काय आहे, हे खारपाणपट्ट्यातील वाचकांना सांगावे लागणार नाही. म्हणूनच स्पर्धा मोठी असते. एका विद्यालयात सहावीसाठी जास्तीत जास्त ८० जागा, आणि आपल्या जिल्ह्यात तालुके १४.

परीक्षेआधीच लागणारा निकाल

आता माझ्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. यामागे माझी स्वतःची एक चूक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी येवद्याच्या पलीकडील एका खेड्यात मी शिकवीत होतो. तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. आकृत्यांची कोडी ती माझ्याआधी सोडवी. वडिलांची चार एकर कोरडवाहू जमीन. ते एकदा सल्ला विचारायला आले. मी त्यांना म्हणालो, "पोरगी हुशार आहे, गावात तिचे चीज होणार नाही. तिला चौथीपासून दर्यापूरच्या शाळेत घाला, तिथून नवोदयची तयारी चांगली होईल." त्यांनी शब्द मानला. मुलीला मामाकडे ठेवले. पाचवीत अर्ज भरण्याची वेळ आली, माहितीपत्रक समोर उघडले, आणि तेव्हा मला पहिल्यांदा तो नियम नीट वाचावासा वाटला.

नियम असा आहे. विद्यालयातील किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात. ग्रामीण कोण, हे घराच्या पत्त्यावरून ठरत नाही. तिसरी, चौथी आणि पाचवी हे तीनही वर्ग मुलाने ग्रामीण भागातील शाळेत शिकलेले असावे लागतात. या तीन वर्गांच्या काळात जे मूल शहरी भागातील शाळेत एक दिवसही शिकले, ते शहरी गणले जाते. आणि दर्यापूर-बनोसा ही नगर परिषद आहे. माझ्या सल्ल्याने ती शेतकऱ्याची मुलगी, गावात घर आणि गावातच शेती असूनही, शहरी उमेदवार ठरली होती. ८० पैकी किमान ६० जागा ज्या रांगेसाठी आहेत, त्या रांगेतून मी तिला माझ्या हाताने बाहेर काढले होते. तिचे नाव यादीत आले नाही. ती ग्रामीण असती तर आलेच असते, असे मी म्हणू शकत नाही; परंतु तिची संधी मी लहान केली, हे मात्र खरे. तिच्या वडिलांनी मला कधीही बोल लावला नाही. तेच अधिक जड गेले.

म्हणून सांगतो, संधी वाढवण्याचा पहिला उपाय शिकवणी नव्हे, माहितीपत्रक होय. आणि ते मूल दुसरीत असतानाच वाचायचे असते. खेड्यातील शाळा बरी असेल, गुरुजी मन लावून शिकवीत असतील, तर केवळ नवोदयसाठी मुलाला शहरात आणण्याची घाई करू नये. उलट, बनोसा किंवा दर्यापूरच्या हद्दीत राहणाऱ्या घरांनीही आपण शेतकरी आहोत म्हणून ग्रामीण आहोत, असे समजून चालू नये. शाळा कोणत्या हद्दीत आहे, हे मुख्याध्यापकांना आधीच विचारावे.

आपल्या समाजातील बहुतेक घरे पेठेत, म्हणजे शहरी भागात आहेत. आपल्या मुलांसाठी उरतात त्या फार तर २० जागा, आणि त्यांवरही केवळ आपलाच हक्क नसतो. हे ऐकून निराश होऊ नये. परंतु गणित माहीत असावे. जैन समाजाला २०१४ मध्ये राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, म्हणून येथे वेगळ्या जागा असतील, असा समज काही घरांत आहे. तो चुकीचा आहे. धर्माच्या आधारावर येथे जागा राखीव नाहीत. ज्या जैन पोटजाती इतर मागासवर्गाच्या केंद्रीय सूचीत आहेत, त्यांनी मात्र केंद्रीय नमुन्यातील दाखला वेळेत काढून ठेवावा. एकूण जागांपैकी किमान एक तृतीयांश मुलींसाठी असतात. मुलीचा अर्ज भरायला कचरणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावे.

आणखी तीन गोष्टी. मूल ज्या जिल्ह्याचे रहिवासी आहे आणि ज्या जिल्ह्यात पाचवीत शिकते, तो जिल्हा एकच असावा लागतो व अर्जही तेथीलच विद्यालयासाठी करावा लागतो. आपला तालुका अकोला जिल्ह्याला लागून आहे. घर इकडे आणि शाळा मूर्तिजापूर किंवा अकोटला, अशी स्थिती असेल तर ही अडचण ठरते. दुसरे, वयाची अट असते, साधारण दहा ते बारा वर्षे. नेमक्या तारखा त्या त्या वर्षीच्या पत्रकात पाहाव्या. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा एकदाच देता येते. पाचवी पुन्हा करून दुसऱ्यांदा बसता येत नाही.

अर्ज ऑनलाइन आणि विनाशुल्क असतो. अलीकडे तो पावसाळ्यात भरला जातो आणि परीक्षा हिवाळ्यात होते. निवड लेखी परीक्षेतील गुण आणि आरक्षणाचे नियम यांवर होते, मुलाखत नसते. तेव्हा "माझी वर ओळख आहे, जागा पक्की करून देतो" असे म्हणणारा मनुष्य भेटला, तर त्याला चहा पाजावा आणि निरोप द्यावा.

तीन भाग, दोन तास

परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्नांची आणि १०० गुणांची. निम्मे गुण बुद्धिमत्ता चाचणीला : ४० प्रश्न, ५० गुण. उरलेले निम्मे अंकगणित आणि भाषा यांत समान वाटलेले : प्रत्येकी २० प्रश्न, २५ गुण. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. मात्र अर्जात जी भाषा लिहू तीच मिळते, म्हणून मूल ज्या भाषेत सहज वाचते तीच लिहावी. प्रतिष्ठेपायी इंग्रजी लिहून मुलाला अडचणीत टाकलेली घरे मी पाहिली आहेत.

बुद्धिमत्ता चाचणीत शब्द नसतात, केवळ आकृत्या असतात. वेगळी आकृती ओळखणे, मालिका पूर्ण करणे, आरशातील प्रतिमा सांगणे, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल ते ओळखणे, मोठ्या आकृतीत दडलेली लहान आकृती शोधणे, अशा प्रकारचे प्रश्न असतात. त्यासाठी पहिल्याच दिवशी जाड पुस्तक आणू नका. रद्दी कागद घ्या, घडी घाला, कात्रीने एक कोपरा कापा, मुलाला उलगडण्याआधी चित्र काढायला सांगा आणि मग उलगडून दाखवा. भिंतीवरच्या घड्याळापुढे आरसा धरा आणि आरशातील वेळ वाचायला सांगा. अंगणात आजी ठिपक्यांची रांगोळी काढते, तिच्यात चौकोन किती आहेत ते मोजायला लावा. ज्या मुलाने हे हाताने केले आहे, त्याला पुस्तकातील आकृती परकी वाटत नाही. पुस्तक त्यानंतर, सरावासाठी.

अंकगणितात लसावि-मसावि, अपूर्णांक आणि दशांश, मापन, नफा-तोटा, परिमिती-क्षेत्रफळ असे पाचवीपर्यंतचेच विषय असतात. येथे दुकानदाराच्या मुलाला एक सोय आहे, जी आपण वाया घालवतो. पाव किलो आणि अर्धा किलो, एका पोत्यामागे किती मिळाले आणि हमाली वजा जाता किती उरले, हे रोज गल्ल्यावर चालते. मुलाला तासभर तेथे बसवा आणि हिशेब तोंडी करू द्या. पाढे पाठ असावेत. त्यांना पर्याय नाही. तीस वर्षांत मी पाहिलेल्या चुकांपैकी बऱ्याच, पद्धत ठाऊक नसल्याने नव्हे, तर साध्या गुणाकारात घाई केल्याने झालेल्या होत्या.

भाषेच्या भागात चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न असतात. हा भाग सर्वांत सोपा समजून सर्वांत कमी लक्ष दिले जाते. उताऱ्याची तयारी महिन्यात होत नाही. ती वाचनाच्या सवयीने दोन-तीन वर्षांत होते. आजोबांच्या डोळ्यांना आता अक्षरे लागत नाहीत ना? मग रोज संध्याकाळी नातवाने त्यांना वर्तमानपत्रातील एक बातमी किंवा या मासिकातील एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी, आणि आजोबांनी विचारावे, "म्हणजे काय झाले, तुझ्या शब्दांत सांग." याहून चांगली तयारी मला ठाऊक नाही. आजोबांचेही मन रमते, हा वरचा लाभ.

उत्तरे ओएमआर कागदावर काळ्या किंवा निळ्या बॉलपेनने गोल भरून द्यायची असतात. एकदा भरलेला गोल बदलता येत नाही. पेन्सिल आणि खोडरबर यांची सवय असलेल्या मुलाला हे जड जाते. म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत आठवड्यातून एकदा, शांत खोलीत, घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवून घ्यावा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणून शेवटी एकही प्रश्न कोरा राहू नये, हेही शिकवावे.

रोजचा अभ्यास पाऊण तास ते एक तास पुरे. चौथीच्या उन्हाळ्यापासून आरंभ केला, तर घाई होत नाही. याच वयात राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा असते. तिची आणि नवोदयची तयारी बरीचशी एकमेकींना पूरक आहे. शिकवणी लावू नये असे मी म्हणत नाही. घरात पाहणारे कोणी नसेल तर जरूर लावावी. परंतु दहा वर्षांच्या मुलाला पहाटे एक, संध्याकाळी एक अशा दोन शिकवण्या लावून त्याचे खेळणे बंद करणे, ही तयारी नव्हे.

निवड झाल्यावरची तयारी

आता माझा दुसरा प्रश्न : मूल रात्री आईवाचून झोपते का? प्रवेश मिळूनही काही मुले पहिल्या सत्रातच परत येतात. त्या मुलांची बुद्धी कमी नसते. अंथरूण घालणे, कपडे धुणे, ताटातील सारे संपवणे, ताप आला तर कोणाला तरी सांगणे, या गोष्टी त्यांना कोणी शिकवलेल्या नसतात, एवढेच. पाचवीच्या वर्षात मुलाला आठ दिवस आत्याकडे किंवा मावशीकडे एकटे राहू द्यावे. आपला डबा, आपली चादर, आपला टॉवेल त्याने स्वतः सांभाळावा. थोड्या वस्तूंत भागवण्याची सवय आपल्या घरांत व्रत म्हणून शिकवली जाते. वसतिगृहातील एका पेटीत संसार मांडताना तीच कामी येते.

पुढे काय आहे, हेही मुलाला आधी सांगावे. सातवी-आठवीपर्यंत शिकवणे बरेचसे मराठीत असते, त्यानंतर गणित आणि विज्ञान इंग्रजीत येते. नववीत वर्गातील काही मुले, साधारण ३० टक्के, एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रांतातील विद्यालयात पाठवली जातात. आईला ते ऐकून धस्स होते. मुले बहुधा आनंदाने जातात आणि एक नवी भाषा शिकून परततात.

आपल्या घरांत मात्र आणखी एक प्रश्न उरतो, आणि तो टाळून चालणार नाही. शासकीय वसतिगृहात भोजनगृह सर्वांचे एक असते. संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी होईलच असे नाही, आणि भाजीत कांदा-बटाटा असणारच. चौविहार आणि कंदमूळत्याग पाळणाऱ्या घराने हा विचार प्रवेशानंतर नव्हे, अर्ज भरण्याआधी करावा. विद्यालयात जाऊन भोजनाविषयी प्रत्यक्ष विचारावे. आजी-आजोबांना बोलण्यात घ्यावे. आणि निर्णय काहीही झाला तरी त्याचे ओझे मुलाच्या मनावर ठेवू नये. घरी एक आणि तेथे एक, या अपराधी भावनेने जेवणारे मूल ना धड शिकते, ना धड जेवते. ज्यांना आचाराची तडजोड नको, त्यांच्यासाठी गुरुकुलांची वाट आजही आहे, आणि तीही कमी मानाची नाही.

यादीत नाव नसले तर

वाट एकच नाही. सैनिक शाळांची प्रवेश परीक्षाही याच वयात, सहावीसाठी असते. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ मध्ये सुरू झालेली, देशातील पहिली. विदर्भात २०१९ पासून चंद्रपूरलाही सैनिक शाळा आहे. आता तेथे मुलींनाही प्रवेश मिळतो. ही परीक्षा ३०० गुणांची असून त्यांपैकी निम्मे गुण गणिताला आहेत, आणि सामान्य ज्ञानाचाही भाग आहे. तेथे फी भरावी लागते व वैद्यकीय तपासणीही होते, हे ध्यानात ठेवावे. नवोदयमध्येही नववीत रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी वेगळी परीक्षा होते. सहावीला राहिलेले मूल तेथे पुन्हा प्रयत्न करू शकते.

तरीही ८० मुलांच्या यादीत आपले नाव नसणारी मुले नेहमीच अधिक असणार. त्यांच्यासाठी केलेली तयारी वाया गेली का? मी वर जे सांगितले त्यात वाया जाणारे काय आहे, ते पाहा. पाढे राहतात, वाचनाची गोडी राहते, कागद उलगडण्याआधी त्याचे चित्र मनात पाहण्याची शक्ती राहते, आपले अंथरूण आपण घालण्याची सवय राहते. निवड झाली नाही तरी जी तयारी मुलाच्या कामी येते, ती खरी. केवळ यादीसाठी केलेली तयारी यादी लागताच संपते, आणि मुलाच्या मनात "मी कमी पडलो" एवढेच मागे ठेवते.

निकालाच्या दिवशी पालकांनी काय बोलावे, याचीही तयारी हवी. ती मुलगी, जिला मी चुकीचा सल्ला दिला, निकालानंतर वडिलांबरोबर माझ्याकडे आली होती. वडील एवढेच म्हणाले, "गुरुजी, यादीत नाव नाही, पण पोरगी वाचते लई. पुस्तकं देत जा." मी देत गेलो. ती पुढे दर्यापूरलाच शिकली आणि आता स्वतः शिक्षिका आहे. गेल्या पावसाळ्यात ती पेठेत भेटली. तिच्या वर्गातील एका मुलाचे पालक त्याला चौथीत शहरात आणायचे म्हणत होते. तिने त्यांना घरी बसवून माहितीपत्रकातील तो नियम वाचून दाखवला होता. "तुम्हीच शिकवलं ना गुरुजी," ती हसून म्हणाली.

मी शिकवले होते खरे. पण तिला त्याची किंमत मोजावी लागली होती. आपल्या मुलावर ती वेळ येऊ नये, म्हणून हा लेखप्रपंच. घरात दुसरी-तिसरीतले मूल असेल, तर यंदाचे माहितीपत्रक एकदा शांतपणे वाचून काढावे, आणि आज संध्याकाळी मुलाला आजोबांजवळ वाचायला बसवावे. उरलेली तयारी त्यातूनच सुरू होते.